एमएच ०९, मुक्काम बंगळूर

कोल्हापूरचा माणूस बंगळुरात आला की पहिल्याच महिन्यात मिसळ शोधायला निघतो. फोनवर 'कोल्हापुरी' असं टाकतो, रविवारचा दीड तास गर्दीत घालवून कुठल्याशा मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचतो आणि पुढ्यात आलेलं बघून गप्पच बसतो. कट गोडसर, फरसाण मऊ पडलेलं, स्लाइसच्या जागी लोणी लावून भाजलेला पाव. शेजारच्या टेबलावर 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी आलेली असते, जी कोल्हापुरातल्या घरात कुणी केलेली माझ्या ऐकिवात नाही. रात्री गडी गावाकडं फोन लावतो, 'काय राम नाही भावा हितं.' बिघडली होती मिसळ, निकाल लागला शहराचा.

पुढची कैक वर्षं असेच निकाल देत काढणारे लोक मी बघितले आहेत. शरीर मारतहळ्ळीत, मन मंगळवार पेठेत. त्यांना इथलं काही लाभत नाही आणि तिथलं काही हाती उरत नाही. दुसऱ्या टोकाचेही भेटतात, गावाचं नाव काढलं की 'तिथं काय ठेवलंय' म्हणणारे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दोन पेग झाले की तेच पहिले रडतात. माझं सांगणं एवढंच आहे की गावावर हवा तेवढा जीव लावा, फक्त त्याची मोजपट्टी करून दुसऱ्या शहराच्या अंगाला लावत बसू नका. आता हे जमवायचं कसं, त्याच्या काही रोजच्या वापरातल्या गोष्टी सांगतो. उदाहरण कोल्हापूर-बंगळूरचं आहे, कारण ही वाट माझ्या पायाखालची. नागपूरहून पुण्याला किंवा सोलापूरहून हैदराबादला गेलेल्यांनी गावांची नावं बदलून घ्यावीत.

आधी एक कागद घ्या. 'गावाची आठवण येते' हे फार ढोबळ बोलणं झालं. त्यात नक्की काय काय आहे ते लिहून काढा. बहुतेकांच्या कागदावर संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळच भरून जाते. रंकाळ्याची चक्कर. गंगावेशीत समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध, ग्लास तोंडाला लावला की मिशीवर पांढरी रेघ. तालमीच्या कट्ट्यावर उगाच बसणं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की पेठेत दुपारपासून जो ताण असतो, तो. मग आईच्या हातचं जेवण, चटणी, भाकरी. आणि यादीच्या तळाला, बहुतेक जण लिहायचंच विसरतात ते: रस्त्यात कुणीतरी हाक मारणं. 'काय, कवा आलास?' एवढंच.

यादी झाली की एकेका ओळीकडं नीट बघा. चटणी डब्यात भरून आणता येते. पाटाकडीलची मॅच आणता येत नाही, ती तिथं जाऊनच बघायची, आणि तिची नक्कल इथं शोधणं म्हणजे पैसे देऊन मनस्ताप विकत घेणं. मिसळही त्याच खात्यात टाका. गावाला गेल्यावर मनसोक्त खा, इथं नावच काढू नका. हाक मारणारा माणूस मात्र इथंच तयार करावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि थोडी चिकाटीही.

त्यासाठी बंगळुरातली सगळ्यात सोयीची जागा म्हणजे कोपऱ्यावरची दर्शिनी. उभ्यानं खायचं हॉटेल. आधी पैसे भरून टोकन घ्यायचं, काउंटरवर ठेवायचं, मिनिटभरात स्टीलच्या ताटलीत इडली-वडा येतो. उपम्याला इथं खारा बात म्हणतात, शिऱ्याला केसरी बात, आणि दोन्ही एकाच ताटलीत हवं असेल तर चौ चौ बात. कॉफी दोघांत एक घ्यायची तर 'बाय टू' सांगायचं. रोज नवं हॉटेल धुंडाळू नका. घराजवळची एक दर्शिनी धरा, रोज साधारण त्याच वेळी जा, गल्ल्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोला. काही आठवड्यांनी तुम्ही तोंड उघडायच्या आत तो टोकन काढून ठेवतो. एक दिवस उशिरा गेलात तर 'काल दिसला नाहीत?' असं विचारतो. गांधी बझारमधलं १९४३ पासूनचं विद्यार्थी भवन आणि लालबागेजवळचं १९२४ पासूनचं एमटीआर बघायला जरूर जा, दोशाला तोड नाही. पण तिथं आपण रांगेतले पाहुणे. रोजचं नातं कोपऱ्यावरच्या दर्शिनीशीच जुळतं.

घर घेताना एक हिशेब डोक्यातून काढून टाकावा लागतो, कोल्हापूरचा पंधरा मिनिटांचा. रंकाळ्यापासून ताराराणी चौकापर्यंत गाडीला किक मारली की पोहोचलो, हा हिशेब इथं चालत नाही. बंगळुरात अंतर किलोमीटरमध्ये विचारतच नाहीत, वेळेत विचारतात, आणि तेही 'किती वाजता निघणार?' असं विचारून झाल्यावर. म्हणून घर कचेरीजवळ घ्या. ते परवडत नसेल तर मेट्रोच्या स्टेशनला चालत जाता येईल असं घ्या. व्हाइटफील्डला नोकरी असेल तर जांभळी मार्गिका, इलेक्ट्रॉनिक सिटीला असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी. प्रवासात रोजचे तीन तास गेले तर कुठलंच शहर आवडणार नाही, मग त्यात कोल्हापूरचा काय दोष आणि बंगळूरचा तरी काय.

घरमालकाला भाड्याच्या आधी पाणी विचारा: कावेरीचं की बोअरचं? कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंप करून आणतात आणि ते सगळीकडं पोहोचलेलं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्यावर टँकरमागं धावणाऱ्या सोसायट्या सगळ्या देशानं टीव्हीवर बघितल्या. पंचगंगेच्या काठच्या माणसाला पाणी विचारून घर घ्यायची सवय नसते, ती लावून घ्या. अनामत रकमेचा आकडा ऐकून घाबरू नका. पूर्वी दहा महिन्यांचं भाडं अनामत मागायची इथं रीतच होती, आता घासाघीस केली की निम्म्यावर येतात. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापलं जातं, ते करारात आधीच वाचून ठेवा. 'लीज' नावाचा एक प्रकारही कानावर येईल: काही लाख एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं, जाताना रक्कम परत. ऐकायला गोड आहे. मालकानं ते घर बँकेकडं गहाण ठेवलेलं असलं तर मात्र तुमची रक्कम अडकते, तेव्हा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आता गाडी. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण कोल्हापूरच्या माणसाचा जीव नंबर प्लेटमध्ये अडकलेला असतो. सिल्क बोर्डच्या सिग्नलला पुढच्या गाडीवर 'एमएच ०९' दिसलं की हॉर्न वाजवून, काच खाली करून 'कुठलं गाव?' विचारणारे लोक मला माहीत आहेत. हा आनंद खरा, पण कायदा असा आहे की परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही. मग इथल्या आरटीओत कर्नाटकचा आजीवन कर भरायचा, जो गाडीच्या वयानुसार ठरतो आणि चांगलाच झोंबतो. नवा नंबर मिळाला की महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हा अर्ज बहुतेक लोक करतच नाहीत, हेलपाट्यांना कंटाळून पैसे सोडून देतात. तसं करू नका, ना हरकत आणायला जाल तेव्हाच परताव्याचे कागद विचारून घ्या. नवी गाडी घेणार असाल आणि तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर 'बीएच' मालिकेचा नंबर मिळू शकतो, तोही पर्याय बघा.

यातून निघणारा माझा आवडता तोडगा वेगळाच आहे. चारचाकीचा नंबर गुमान बदलून घ्या. जुनी दुचाकी मात्र कोल्हापुरातच राहू द्या. भावाला, मेहुण्याला वापरू द्या, विमा आणि पीयूसी चालू ठेवा. गावाला गेल्यावर स्टँडवर उतरलात की तीच गाडी घेऊन फिरायचं, कुणाकडं लिफ्ट मागायची नाही. गावात स्वतःची गाडी असलेला माणूस पाहुणा ठरत नाही.

मतदार यादीचंही चारचाकीसारखंच. नाव दोन्हीकडं ठेवणं बेकायदा आहे, आणि जिथं राहता तिथलं नाव हवं. आठ नंबरचा अर्ज ऑनलाइन भरला की पत्ता बदलतो. पेठेतल्या नगरसेवकाला मत देता येणार नाही म्हणून हळहळ वाटते, ते मी समजू शकतो, पण घरासमोरचा खड्डा बंगळूरचा आहे आणि तक्रार करायची तर मतही इथलंच पाहिजे.

भाषेकडं वळू. कागल-गडहिंग्लजकडच्यांना कानडी कानावर पडलेलं असतं. पण ते धारवाडच्या वळणाचं, बंगळुरात ते ऐकून लोक हसतात. हसू द्या, प्रेमानंच हसतात. ज्यांना काहीच येत नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात इतकं पाठ करावं: एष्टु म्हणजे किती, बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको, निल्सी म्हणजे थांबवा. 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कानडी येत नाही, एवढं एकच वाक्य शिकून वर्षानुवर्षं तेच वापरणारे पुष्कळ आहेत. त्याऐवजी 'स्वल्प स्वल्प बरुत्ते', थोडं थोडं येतं, असं म्हणून बघा. रिक्षावाल्याचा चेहराच बदलतो. कन्नड लिपी महिनाभरात वाचता येते. बसवरच्या पाट्या वाचत बसलात तर त्याहून लवकर. याच शहराच्या बसमध्ये एकेकाळी शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला कंडक्टर तिकिटं फाडत होता. तोच पुढं रजनीकांत झाला. आणि कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवितेसाठी मिळालं. तेव्हा कानडी शिकून मराठीपण कमी होतं वगैरे चिंता सोडा.

एक खबरदारी मात्र खास आपल्यासाठी. कोल्हापुरात आपण लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करतो आणि त्यात माया असते. तीच सवय हिंदीत 'तू' होऊन बाहेर पडली की समोरच्याला उद्धटपणा वाटतो. दुकानदाराला, सुरक्षारक्षकाला, घरकामाच्या बाईंना इथं आदरार्थी बोलायचं. अण्णा, अक्का, सर ही तीन संबोधनं पुरेशी आहेत. आवाजही थोडा खाली आणा. आपलं नेहमीचं बोलणं इथल्या लोकांना भांडण वाटतं.

सीमाप्रश्नावर कचेरीत किंवा चहाच्या टपरीवर बोलू नका. प्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तुमच्या वादानं सुटणारा नाही. मतं असू द्या. पण १ नोव्हेंबरला राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा सोसायटीत लागला आणि कुणी मिठाई पुढं केली, तर ती घ्या आणि शुभेच्छा द्या. ज्या गावात चूल मांडली आहे त्याच्या सणाला तोंड वाकडं करणं कोल्हापुरी शिष्टाचारात बसत नाही. सीमेवर तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बस एकदोन दिवस थांबतात, त्या काळात प्रवास टाळा, एवढं व्यावहारिक लक्षात ठेवलं की झालं.

चटणीचं सांगायचं राहिलं. वर्षाची कांदा-लसूण चटणी एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हा गावी जायचं जमवाच. मिरच्या निवडताना, खोबरं भाजताना, कांडपात कुटून आणताना घरात जे चालतं त्यात हात घालायला मिळणं हाच अर्धा मुक्काम. आणि तिथं पोत्यांवरची नावं वाचा. रंगाला ब्याडगी, ती हावेरी जिल्ह्यातली. चवीला संकेश्वरी, तीही सीमेपलीकडची. म्हणजे कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याचा तांबडेपणा कर्नाटकातूनच येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. बंगळुरात चटणी नेल्यावर सगळी एकदम वापरायला काढू नका. लहान बरणी बाहेर, बाकीची हिंगाचा खडा घालून फ्रिजमध्ये, चमचा कायम कोरडा. नारळ इथं मुबलक, त्यामुळं पांढरा रस्सा घरी उत्तम होतो. अडचण मटणाची. इथं दुकानात बहुधा मेंढीचं मटण मिळतं. बोकडाचं हवं असेल तर 'मेके' म्हणून मागा, 'कुरि' म्हणजे मेंढी. चांगला दुकानदार सापडला की त्याला धरून राहा. आणि तुमचा तांबडा-पांढरा शेजाऱ्यांना खाऊ घाला. ते नाचणीचा मुद्दे आणि सारू घेऊन येतील. मुद्दे चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे आधी सांगून ठेवतो.

डिसेंबर-जानेवारीत बाजारात अवरेकाई येतात, आपल्या पावट्याच्या नात्यातल्या शेंगा. त्या मोसमात प्रत्येक पदार्थात त्यांचे दाणे पडतात, दोशातसुद्धा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, मापानं विक्री, माणसाला माणूस लागलेला. गावच्या जत्रेत वाढलेल्या कुणालाही तिथं परकं वाटायचं कारण नाही.

सणांचा मेळ कसा घालायचा, हे बहुतेकांना छळतं. काही जुळतात. पाडव्यालाच युगादी, दोन्हीकडं कडुनिंब आणि गूळ. संक्रांतीला आपला तिळगूळ, त्यांचं एळ्ळु-बेल्ला, त्यात तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. गणपतीत मात्र गोंधळ उडतो. आपल्याकडं गणपती बसल्यावर दोन-तीन दिवसांनी गौरी येतात. कर्नाटकात गौरीहब्ब आधी, तृतीयेला, आणि दुसऱ्या दिवशी गणपती. त्यामुळं शेजारणीच्या घरी गौर बसलेली असते तेव्हा तुमच्या घरी अजून मखराला टाचण्या लावणं चाललेलं असतं. यातून वाद नको, वाटणी करा. तृतीयेला त्यांच्याकडं हळदीकुंकवाला जा, ज्येष्ठा गौरींना त्यांना तुमच्याकडं जेवायला बोलवा. एकाच आठवड्यात दोन गौरींचं जेवण पदरात पडतं.

जोतिबाची चैत्र यात्रा चैत्री पौर्णिमेला असते. रजा मिळाली नाही तर त्या दिवशी सासनकाठ्या आणि गुलालानं गुलाबी झालेल्या डोंगराचे व्हिडिओ बघत बसणं मनाला फार लागतं. पण त्याच पौर्णिमेच्या रात्री बंगळुराच्या जुन्या पेठेत करग निघतो, हे बाहेरून आलेल्या फार थोड्यांना माहीत असतं. तिगळरपेटेतल्या धर्मराय स्वामींच्या देवळातून मध्यरात्रीनंतर पुजारी बाहेर पडतो, स्त्रीवेशात, डोक्यावर मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला कलश, तोच करग. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार. मिरवणूक जुन्या पेठांतून फिरते आणि वाटेत मस्तान साहेबांच्या दर्ग्यात थांबते. आयटीच्या आधीचं, दर्शिनीच्याही आधीचं बंगळूर बघायचं असेल तर ही रात्र चुकवू नका. जोतिबाची भरपाई म्हणून मात्र जाऊ नका. जोतिबाला पुढच्या वर्षी रजा टाका.

जुलै-ऑगस्टचा भाग वेगळा आहे आणि त्याला तयारी लागते. बंगळुराचा पाऊस संध्याकाळी गडगडत येतो, रस्ते तुंबवतो, रात्री थांबतो. कोल्हापूरचा आठ-आठ दिवस थांबत नाही. त्या दिवसांत बाहेरगावचा प्रत्येक कोल्हापूरकर फोनवर एकच आकडा बघत असतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. मग राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, सातातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग पाण्याखाली गेला आणि बंगळुरातून निघालेली माणसं वाटेतच अडकली. या काळजीवर उपाय आकडे बघणं हा नव्हे. जूनमध्येच करून ठेवायच्या गोष्टी आहेत: आईवडिलांची औषधं दीड महिन्याची, गॅस भरलेला, पॉवर बँक, घराचे कागद वरच्या मजल्यावर. गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांचे आणि तालमीतल्या एका पोराचे नंबर. पुरात पहिली मदत तालमीची पोरंच पोहोचवतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. घर नदीकाठी असेल तर पाणी ३९ च्या पुढं सरकलं की आईबाबांनी कुठल्या पाहुण्यांकडं जायचं हे आधी ठरलेलं असू द्या. ऐन वेळी फोनवरून आग्रह करून म्हातारी माणसं हलत नसतात.

बाकी दिवसांत गावाच्या बातम्यांचं प्रमाण ठरवा. पेठेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दिवसभर बघणाऱ्याला इथल्या शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. ग्रुप मुका करा, रात्री एकदा बघा. आईला रोज फोन करत असाल तर 'जेवलीस काय' याच्या पलीकडचं काहीतरी विचारा: भाजी काय आणली, केवढ्याला, कुणाकडून.

मुलं असतील तर त्यांना यात ओढताना बेतानं. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक आहे, मुलं ती पटकन उचलतात, त्यांच्याकडूनच शिका. मराठी घरात बोलायची, वाचून दाखवायची. महाराष्ट्र मंडळातही न्या, पण मंडळाबाहेरचे मित्र त्यांना तुमच्याआधी मिळालेले असतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांचं गाव हेच आहे. कोल्हापूर त्यांच्यासाठी आजीचं गाव. तेही काही कमी नाही.

गाव सोडल्याची टोचणी ज्यांना फार लागते त्यांनी आपल्याच शहराचा इतिहास आठवावा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, तिचे गाजलेले कितीतरी चित्रपट तिथं झाले. अल्लादिया खाँसाहेब अत्रौलीच्या घराण्यातले, त्यांच्या गाण्याला आश्रय कोल्हापूर दरबारानं दिला. शाहू महाराजांनी वसतिगृहं उभी केली तीच मुळी बाहेरगावच्या पोरांसाठी. आणि बंगळूरही परक्यांनीच घडवलेलं आहे. शहाजीराजांची जहागीर इथं होती. लालबागेत १९०८ मध्ये आलेला जर्मन बागतज्ज्ञ क्रुम्बीगल त्याआधी बडोद्याला सयाजीरावांच्या पदरी होता. वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, अशा हिशेबानं त्यानं इथले रस्ते लावले असं म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी टॅबेबुया फुलतो तेव्हा सकाळी सातला कब्बन पार्कमधून चालत जा, मग बंगळुराबद्दल काय म्हणायचं ते म्हणा.

गावाला जाताना सगळं दोन दिवसांत उरकायचा हट्ट नको. बहुतेकांचे ते दोन दिवस पाहुण्यांच्या चहात जातात आणि परतताना माणूस शिणलेला असतो. एक कामाचं आणि एक आवडीचं, एवढंच ठरवा. कामाचं म्हणजे घरफाळा, वडिलांच्या तपासण्या, बँक. आवडीचं म्हणजे मॅच, खासबागेतली कुस्ती किंवा १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात तासभर. तिथं गेल्यावर 'आमच्या बंगळुरात' असं सुरू करू नका. बंगळुरात 'आमच्या कोल्हापुरात' ऐकून लोक जितके कंटाळतात, तितकेच तिथलेही कंटाळतात.

जाणं-येणं वर्षाचं आखून ठेवा. सुमारे ६०० किलोमीटरचा रस्ता, रात्रीच्या स्लीपर बसनं सकाळी पोहोचता येतं, पण गणपती आणि दिवाळीला खासगी बसवाले तिकिटाचे दर वाट्टेल तसे चढवतात. कर्नाटक परिवहनची गाडी आधी बघा. रेल्वेनं जायचं तर राणी चन्नम्मा मिरजेला सोडते, तिथून कोल्हापूर तासाभरावर. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, कॅलेंडरवर त्या दिवसाला आत्ताच खूण करून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा. परतीचं तिकीटही त्याच आठवड्यात काढा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचं तर नक्कीच, कारण त्या रात्री अख्खं कोल्हापूर बंगळूरला निघालेलं असतं.